जुहूचे हेलिकॉप्टर आणि सांताक्रूझचे आकाश

आपल्या बीड जिल्ह्यात हेलिकॉप्टर म्हटले की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात : निवडणूक किंवा पूर. निवडणुकीच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर फक्कीने मोठे वर्तुळ आखतात, मधोमध इंग्रजी एच काढतात, धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात आणि पोलिसांच्या दोराबाहेर सारा गाव वर पाहत उभा राहतो. ते येते, तरीही धुरळा उडवतेच, आणि पुढारी उतरतात. त्या वेळी सर्वांच्या नजरा दाराकडे असतात. पुढे बसलेला वैमानिक कानाला लावलेल्या यंत्रातून इतका वेळ कोणाशी बोलत होता, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. प्रस्तुत लेख त्या बोलण्याविषयी आहे.

बीडच्या आकाशात हे बोलणे फार थोडे असते. जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहराला जवळचा नियंत्रण मनोरा म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याचा. इकडे येणाऱ्या हेलिकॉप्टरला उड्डाणाचा बेत आधी कळवावा लागतो आणि हवाई दलाकडून अनुमतीचा क्रमांक घ्यावा लागतो. पण प्रत्यक्ष उतरताना वैमानिकाचा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खाली केलेल्या धुरावर. आजूबाजूला दुसरे कोणी नसतेच. मोकळ्या माळावरून बैलगाडी हाकावी तसा हा प्रकार. खरी कसोटी लागते ती बाजाराच्या दिवशी भरल्या पेठेतून गाडी काढताना, आणि आकाशातली अशी भरली पेठ पाहायची तर मुंबईला जावे लागते.

मुंबईची गोष्ट जुहूपासून सुरू होते. येथील विमानतळ १९२८ सालचा; देशातला तो पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा पुस मॉथ विमानाने येथेच उतरले. जागा मात्र समुद्रकाठची, सखल. पावसाळ्यात तेथे पाणी साचे, म्हणून त्या दिवसांत टपालाचे काम पुण्याला हलवावे लागे. पुढे विमाने मोठी झाली आणि शेजारीच सांताक्रूझला मोठा विमानतळ उभा राहिला. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतो तोच हा.

या दोन विमानतळांत अंतर किती? सरळ रेषेत अवघे तीन-साडेतीन किलोमीटर. आपल्याकडे गावाहून शेत याहून लांब असते. शिवाय दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. समुद्राकडून येणाऱ्या विमानाला आधी जुहूची पट्टी लागते आणि मग जवळजवळ त्याच ओळीत सांताक्रूझची. याचा परिणाम काय झाला असेल ते वाचकांनी ताडलेच असेल. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले, आणि नऊ दिवसांनी ते तेथून उडवून नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाचेही तसेच झाले. पट्टी आखूड, विमान थांबेना, ते पट्टी ओलांडून पुढे गेले आणि मोडले. दोन्ही वेळा कोणाचा प्राण गेला नाही, हे नशीब.

मोठी विमाने तिकडे गेल्यावर जुहू ओस पडला असता. त्याला पुन्हा काम दिले ते खनिज तेलाने. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात तेल सापडले. ते काढण्यासाठी समुद्रात लोखंडी फलाट उभे राहिले आणि त्या फलाटांवर पाळीपाळीने कामाला जाणारी माणसे नेण्या-आणण्यासाठी हेलिकॉप्टर आले. १९८५ साली सरकारी कंपनी निघाली, तिचे पुढे पवन हंस हे नाव झाले. आपल्याला बाबूरस्त्यावर एस.टी. तशी त्या कामगारांना ही हवाई एस.टी. याखेरीज कुलाब्याला नौदलाचा शिक्रा हा हेलिकॉप्टर तळ, राजभवनाचे हेलिपॅड, महालक्ष्मीचे रेसकोर्स, अशा जागांवरूनही ये-जा होते. दुसरीकडे सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी खऱ्या अर्थाने एकच कामी येते. आणि तेवढ्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमाने चढतात-उतरतात. २०२३ च्या नोव्हेंबरात तर एका दिवसात हा आकडा हजाराच्या पुढे गेला. म्हणजे दर दीड मिनिटाला एक विमान, आणि त्यांच्या वाटेखालीच जुहूची हेलिकॉप्टरे. आता पलीकडे नवी मुंबईचा विमानतळही झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली.

रस्त्यावर असते तशी आकाशात दिव्याची खूण नाही, पांढरा पट्टा नाही, शिट्टी वाजवणारा हवालदार नाही. जे काही नियमन आहे ते शब्दांनी. मला या विषयाची ओढ लागली ती यामुळेच. मनोऱ्यातला नियंत्रक होण्यासाठी पदार्थविज्ञान आणि गणित लागते; कला शाखेच्या विद्यार्थ्याला ते दार बंदच. पण नियंत्रक ज्या हत्याराने काम करतो ते भाषेचे आहे, आणि त्यावर बोलण्याचा थोडासा अधिकार आपल्यालाही असावा.

जुहूहून समुद्राकडे निघालेल्या एका हेलिकॉप्टरचा प्रवास डोळ्यांपुढे आणू. जुहूला स्वतःचा मनोरा आहे, परंतु वरचे आकाश त्याच्या एकट्याच्या मालकीचे नाही. ते सांताक्रूझच्या विमानांचेही आहे. म्हणून वैमानिकाने निघण्याची परवानगी मागितली की जुहूचा नियंत्रक आधी मुंबईच्या नियंत्रकाला विचारतो. तिकडून होकार मिळाला की मग वैमानिकाला सांगितले जाते : कोणत्या दिशेने जायचे, किती उंचीच्या वर जायचे नाही, हवेचा दाब किती, आणि रडारसाठी कोणता क्रमांक लावायचा.

यातला प्रत्येक आकडा मोलाचा आहे. दाबाचेच घ्या. हेलिकॉप्टरमधला उंचीमापक म्हणजे मुळात हवेचा दाब मोजणारे यंत्र. त्या दिवशीचा समुद्रसपाटीचा दाब त्यात लावला तरच ते खरी उंची दाखवते. दाबाच्या मापात एका आकड्याचा फरक पडला की उंचीत सुमारे तीस फुटांचा फरक पडतो. दहाचा घोटाळा झाला तर तीनशे फुटांचा. मग दोघे वैमानिक वेगवेगळ्या उंचीवर आहोत असे प्रामाणिकपणे समजत असतील आणि प्रत्यक्षात एकाच उंचीवर असतील. म्हणून एका परिसरातल्या सर्वांनी नियंत्रकाने दिलेला एकच दाब लावायचा. रडारचा क्रमांक चार अंकी असतो आणि त्यात आठ व नऊ हे अंक कधीच येत नाहीत; शून्य ते सात एवढेच. असे एकूण ४०९६ क्रमांक होतात. तो लावला की नियंत्रकाच्या पडद्यावरच्या मुक्या ठिपक्याला ओळख आणि उंची मिळते. काही क्रमांक राखीव आहेत. ७७०० लावला तर संकट, ७६०० लावला तर बोलण्याचे यंत्र बंद पडले. जीभ बंद झाली तरी एवढे सांगता येते.

हे सर्व ऐकल्यावर वैमानिक ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवतो, आणि नियंत्रक ते कान देऊन ऐकतो. चुकले तर तेथेच दुरुस्त करतो. ही पद्धत आपल्याला नवी नाही. मोंढ्यात मापाडी पोती मोजताना मोठ्याने आकडा म्हणतो, मुनीम तोच आकडा परत म्हणतो आणि मगच वहीत मांडतो. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत आहे. आकाशातल्या इंग्रजीतही आकड्यांची अशीच रूपे बदललेली आहेत : नऊला 'नाइन' न म्हणता 'नाइनर' म्हणतात, म्हणजे खरखरीत यंत्रावर तो 'फाइव्ह' सारखा ऐकू येऊ नये. दिशेचा किंवा क्रमांकाचा एकेक अंक सुटा उच्चारतात. आपल्या मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर सांगताना किती घोळ होतो ते आठवले म्हणजे या सुट्या अंकांचे मोल कळेल.

'रॉजर' हा शब्द चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ बहुतेकजण 'हो' असा समजतात. तो तसा नाही. तुमचे बोलणे मला पूर्ण ऐकू आले, इतकाच त्याचा अर्थ. रात्री गोष्ट ऐकताना आजी मधून मधून 'हं' म्हणते, तसा तो हुंकार आहे, होकार नव्हे. होकाराला वेगळा शब्द, 'ऐकले आणि तसे करतो' याला वेगळा. परवानगीतले आकडे मात्र हुंकारावर कधीच सोडायचे नाहीत. ते परत म्हणायचेच. 'टेक-ऑफ' हा शब्द तर आता उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना वा ती रद्द करतानाच उच्चारतात, एरवी त्याऐवजी 'निघणे' या अर्थाचा दुसरा शब्द वापरतात. त्यामागे २७ मार्च १९७७ चा टेनेरिफ बेटावरचा अपघात आहे. एका विमानाने उड्डाणाची परवानगी मिळाली असे धरून धाव घेतली, पट्टीवर दुसरे विमान होते, ५८३ माणसे गेली. नियंत्रक आणि दुसऱ्या विमानाचे वैमानिक एकाच वेळी बोलल्यामुळे ऐन मोक्याचे शब्द नुसत्या किंचाळीत बुडाले होते.

ही किंचाळी समजून घेतली पाहिजे. बिनतारी यंत्रावर एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. आपण बटण दाबलेले असताना दुसऱ्याचा शब्द आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि दोघांनी एकदम दाबले तर तिसऱ्याच्या कानी फक्त आवाजाचा गोळा पडतो. म्हणून गर्दीच्या आकाशातला जाणता वैमानिक बोलण्यापूर्वी क्षणभर ऐकतो. दुसऱ्या कोणाचे उत्तर यायचे राहिले नाही ना, हे पाहतो.

पुष्कळांना वाटते की हेलिकॉप्टरला कसली आली अडचण; विमान पुढे आले तर ते हवेत जागच्या जागी थांबेल. थांबता येते हे खरे, पण फुकट नाही. पुढे जाताना पात्यांना वाऱ्याचा आधार मिळतो. थांबल्यावर सारा भार इंजिनावर येतो, इंधन भराभर जाते, आणि उकाड्यात, भरलेल्या हेलिकॉप्टरला उंचावर तसे थांबणे झेपेलच असेही नाही. वर इंजिनाने दगा दिला तर सावरायला वेग हाताशी नसतो. म्हणून नियंत्रकाने थांबायला सांगितले की बहुधा ते ठरलेल्या जागी लहान लहान फेऱ्या मारते. आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. मोठे विमान गेले की त्याच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे दोन भोवरे राहतात आणि ते हळूहळू खाली उतरतात. विमान निघून गेले म्हणजे वाट मोकळी झाली असे समजून हेलिकॉप्टर लगेच मागून, खालून घुसले, तर त्या भोवऱ्यात सापडते. नियंत्रक 'मागून जा' म्हणतो तेव्हा किती मागून, हेही त्यात आले.

आता या भाषेतला माझ्या मते सर्वांत जड शब्द : 'दिसले'. नियंत्रक वैमानिकाला सांगतो की अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, अमुक विमान आहे. वैमानिक म्हणतो, दिसले. ते दिसत आहे आणि अंतर मी राखतो असे त्याने म्हटले आणि नियंत्रकाने मान्य केले, की त्या दोघांतले अंतर राखण्याचा भार नियंत्रकाच्या डोक्यावरून वैमानिकाच्या डोक्यावर येतो. कागद नाही, सही नाही. एका शब्दाने जबाबदारीचे खातेपालट होते. गर्दीत याचा फार उपयोग आहे, कारण डोळ्यांनी पाहणारा माणूस रडारपेक्षा कमी अंतरात वाट काढू शकतो. पण जे दिसले ते तेच होते का?

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे याच शब्दावर ६७ माणसांचे प्राण अवलंबून होते. शहरातला विमानतळ पोटोमॅक नदीच्या काठी आहे, आणि त्याच नदीवरून हेलिकॉप्टरांसाठी आखून दिलेली वाट होती. टक्कर झाली त्या भागात या वाटेवर २०० फुटांच्या वर जायचे नाही असा नियम. लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर तीन माणसे घेऊन त्या वाटेने येत होते. समोरून ६४ माणसांचे विमान उतरत होते, आणि त्याला जरा आधी दुसऱ्या धावपट्टीकडे वळायला सांगितले होते. विमाने आणि हेलिकॉप्टरे, दोन्ही त्या वेळी एकाच नियंत्रकाकडे होती. पण बोलण्याच्या वाहिन्या वेगळ्या, म्हणून विमान व हेलिकॉप्टर यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. नियंत्रकाने विमान कोठे आहे ते सांगितले. हेलिकॉप्टरमधून उत्तर आले की दिसले, अंतर आम्ही राखतो. परवानगी मिळाली. थोड्या वेळाने नियंत्रकाने पुन्हा विचारले आणि विमानाच्या मागून जाण्यास सांगितले. तपासात असे दिसले की 'मागून जा' हे शब्द हेलिकॉप्टरमध्ये बहुधा ऐकूच गेले नाहीत, कारण नेमके त्या क्षणी त्यांचे स्वतःचे बटण दाबलेले होते. एका सेकंदाहूनही कमी वेळ. टक्कर झाली ती सुमारे ३०० फुटांवर.

रात्री विमान म्हणजे दिव्यांचा ठिपका. ओळीने उतरणाऱ्या विमानांत असे अनेक ठिपके असतात, आणि खाली शहराचे हजारो. या अपघातानंतर ती वाट बंद करण्यात आली. मला विचाराल तर दोष एका माणसावर टाकून मोकळे होणे सोपे आहे, पण ज्या व्यवस्थेत उतरत्या विमानाची आणि हेलिकॉप्टरची वाट एकमेकींना इतकी खेटून आहे तिथे एका 'दिसले' वर सगळा भार टाकणेच मुळात अवाजवी होते.

आपल्या देशालाही हा धडा महागात मिळालेला आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ चरखी दादरी येथे सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे विमान एकमेकांवर आदळले, ३४९ माणसे मेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते. ते खाली १४,००० च्या आसपास आले, आणि त्या उंचीवर सौदी विमान होते. त्या वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते. त्यानंतर दिल्लीला येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या, विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले, आणि जगभर वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजीची परीक्षा घेण्याचा नियमही २००८ पासून लागू झाला. इंग्रजीचे नाव काढले की आपल्यापैकी निम्म्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून मुद्दाम सांगतो, ते इंग्रजी शेक्सपियरचे नाही. ठरलेले थोडे शब्द, ठरलेला क्रम, आणि मनापासून ऐकणे. अडखळले तर 'पुन्हा सांगा' म्हणायला तेथे कोणी हसत नाही. न विचारणाऱ्यालाच तेथे कच्चा समजतात.

किनारा मागे पडला की गर्दी संपते आणि उलटा प्रश्न सुरू होतो. हे बिनतारी बोलणे साधारणपणे नजरेच्या रेषेत चालते. पृथ्वी गोल असल्यामुळे, १६० किलोमीटरवर फलाटाकडे खाली उतरणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज जुहूच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तेथून पुढे फलाटावरच्या रेडिओ खोलीतला माणूस त्याचे ऐकतो. वाटेत ठराविक वेळाने 'सर्व ठीक' एवढेच कळवायचे असते. शब्द दोनच, पण ते आले नाहीत तर? १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी जुहूहून पाच तेल अधिकारी आणि दोन वैमानिक घेऊन निघालेल्या पवन हंसच्या हेलिकॉप्टरचा संपर्क थोड्याच मिनिटांत तुटला. तटरक्षक दल आणि नौदल शोधाला निघाले. सातांपैकी कोणी वाचले नाही. २८ जून २०२२ रोजी दुसरे एक हेलिकॉप्टर फलाटाच्या जवळ येऊन समुद्रात पडले. नऊजण होते, त्यातले चार गेले. फलाट जवळ होता, मदत लवकर पोहोचली, म्हणून पाच वाचले.

नियंत्रकांच्या नियमांत अशा मौनाचेही टप्पे ठरवलेले आहेत. शब्द यायला हवा होता त्या वेळेनंतर अर्धा तास काही आले नाही की पहिला टप्पा, अनिश्चिततेचा. सगळीकडे विचारपूस करूनही पत्ता लागला नाही की दुसरा, सावधगिरीचा. जवळचे इंधन संपले असेल अशी वेळ उलटली की तिसरा, संकटाचा. पहिला टप्पा सुरूच होऊ नये म्हणून फलाटावर चाके टेकताच वैमानिक उतरल्याची वेळ सांगतो. रेडिओ खोलीतून ती जुहूला कळवली जाते, आणि तेथला नियंत्रक त्या हेलिकॉप्टरच्या नावाची पट्टी आपल्या पुढ्यातून उचलून बाजूला ठेवतो.